इंजिन बांधायला दिलं आणि ७१,५०० ला चुना लागला

रावेर-सावद्याकडे केळीचं भाडं मारणाऱ्या पिकअपवाल्यांनी हे वाचाच. गॅरेजवाल्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर उलट माझ्यावरच केस टाकेल तो.

मे महिन्यात माल भरून बऱ्हाणपूरकडे चाललो होतो, पाण्याचा पाइप फुटला, काटा लालवर गेला आणि हेड गास्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) उडालं. डीपस्टिक काढली तर ऑइल दुधाच्या चहासारखं. टोचन करून हायवेवरच्या गॅरेजला नेली. त्याने सेल मारून ऑइलचं झाकण उघडून दाखवलं, "अप्पा, बॅक कॉम्प्रेशन मारतंय, पिस्टनच्या बाजूने धूर खाली उतरतोय, नुसतं गास्केट टाकून उपयोग नाही, पूर्ण इंजिन बांधावं लागेल." ऑइलमध्ये पाणी गेलं की झाकणातून वाफ येणारच, हे नंतर जळगावच्या मेस्त्रीने सांगितलं. तेव्हा समोर भसाभस धूर दिसतोय तर कोण नाही म्हणेल?

लायनर-पिस्टन किट २२,४००, बेअरिंग ४,८००, क्रँक ग्राइंडिंग (क्रँक लेथवर घासणं) ३,६००, चार इंजेक्टर १०,०००, मजुरी १६,०००, हेडचं काम, गास्केट, ऑइल धरून ७१,५००. त्यातले ३०,००० फोनवरून टाकले, बाकी ४१,५०० रोख, कारण "पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागेल अप्पा." कच्च्या कागदावर बिल. हे कोणी म्हटलं की तिथूनच गाडी उचला.

आणि तो क्षण. जुना माल त्याने स्वतःहून पोत्यात भरून दिला, म्हणून तर विश्वास बसला. एक पिस्टन हातात घेतला तर कोरडा ठाक, रिंगांना गंज, आतल्या बाजूला चक्क कोळ्याचं जाळं! नुकताच ऑइलमधून निघालेला पिस्टन आणि हाताला काळं सुद्धा लागलं नाही माझ्या. दुसऱ्याच कुठल्या गाडीचं भंगार होतं ते. पण बँकेचा हप्ता १४,२०० चा, व्यापाऱ्याचे फोनवर फोन, झाडावर माल पिकून राह्यला, अशात कोण पिस्टन हुंगत बसतो? तुम्ही बसले असते का?

पुढे इंजिन गरम झालं की स्लोमध्ये ऑइलचा दिवा लुकलुकायला लागला. फोन केला तर म्हणे रबिंग होऊ द्या, नवे पार्ट घासून बसू द्या. रबिंगमध्ये ऑइल प्रेशर पडत नसतं भो! दिवा लागला की गाडी तिथेच बंद करा, पंप-बिंप नंतर बघा. मग खालून टकटक सुरू. जळगावला चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) खोललं. बिलात बेअरिंग ०.२५ चं (घासलेल्या क्रँकला लागतं ते) लावलंय आणि बेअरिंगच्या पाठीवर शिक्का एसटीडी (न घासलेल्या क्रँकचं मूळ माप). म्हणजे क्रँक लेथवर गेलाच नव्हता, त्याच्या जर्नलवर (बेअरिंग बसतं त्या गोल भागावर) नख फिरवलं तर अडकत होतं. हेड काढलं तर पिस्टन माझेच, कार्बन घासून परत बसवलेले. तिथे अजून ४६,००० गेले.

क्रँक लेथला देताना सोबत जा, नाहीतर लेथवाल्याची पावती मागा. बेअरिंग बसवायच्या आधी पाठीवरचा शिक्का बघा आणि बिलाशी जुळवा. कॉमन रेलच्या (नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनाच्या) बऱ्याच इंजेक्टरच्या डोक्यावर कोड असतो, गाडी देतानाच फोटो काढा, बदलले म्हणतो तर कोडही बदलला पाहिजे. माझ्याकडे फोटो नाही, म्हणून त्या १०,००० चं काय झालं हे कोणीच सांगू शकत नाही.

पोलीस स्टेशनला गेलो तर "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." अहो, दुसऱ्याचं भंगार माझं म्हणून दाखवून पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय? तर साहेब विचारतात पक्कं बिल कुठंय, तुम्ही रोख दिलेच का. म्हणजे चोर राहिला बाजूला आणि उलटतपासणी माझी! आरटीओवाले म्हणे गॅरेज आमच्याकडे येत नाही. बरोबर, लाइटचा काच फुटला की मात्र आम्ही लगेच तुमच्याकडे येतो. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला लावला, तिथली बाई म्हणाली गाडी कमर्शियल आहे. हे ऐकून गप्प बसू नका, स्वतः गाडी चालवून पोट भरणारा २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरलाय, पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, मुदत दोन वर्षं. हे मला एका वकिलाने सांगितलं, सरकारी खुर्चीवरच्या एकानेही नाही.

आता अडलंय कुठे, तर आयोगापुढे जाणकाराचं लेखी लागेल म्हणे. जळगावचा मेस्त्री तोंडी सगळं सांगतो, सही म्हटली की "अप्पा, मला याच लाइनीत धंदा करायचाय." बेअरिंग आणि क्रँकचे फोटो आहेत, ते पोतंही आहे. जळगाव-भुसावळकडे सहीनिशी लिहून देणारा कोणी लेथवाला असेल तर सांगा, त्याची फी देतो.