लिंकनच्या दुकानाचा संच: वही अस्सल, नाणी चुकीची

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या शालेय साहित्याच्या दुकानात 480 रुपयांना मिळणारा हा पुठ्ठ्याचा संच सातवी-आठवीच्या वर्गासाठी जरूर घ्यावा. अब्राहम लिंकन म्हटलं की राष्ट्राध्यक्षच डोळ्यांसमोर येतात. इथे भेटतो तो इलिनॉयमधल्या न्यू सेलमचा, तेविशी-चोविशीतला, उधारीत अडकलेला दुकानदार. पेटीत जोडायचं दुकान, मालाची 48 कार्डं, नाणी, नियमांचं पत्रक आणि एक खातेवही आहे.

वही फार सुंदर जमली आहे. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, आणि पहिल्याच पानावर हर्न्डनचं देणं. 1832 मध्ये विल्यम बेरी आणि लिंकन यांनी हर्न्डन भावांचं दुकान घेतलं ते असंच, हातात रोकड नसताना. पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानाचा मालही पुन्हा कर्जरोखे लिहूनच उचलला. तारखांसकट हे सगळं वहीत उतरलं आहे.

घोळ होतो तो नियमांत. चार मुलं खेळतात: बेरी, लिंकन, सावकार आणि गिऱ्हाईक. मुलं हुशार असतात, उधारी देतच नाहीत आणि दुकान मजेत चालतं. तिथे असं कुठे शक्य होतं? पीक विकेपर्यंत शेतकऱ्याकडे पैसाच नसे. म्हणून एक नियम स्वतः घाला: कापणीआधीच्या फेऱ्यांत गिऱ्हाइकाला नाणी द्यायची नाहीत, फक्त अंडी, मध आणि कातड्यांची कार्डं द्यायची. दुकानदाराने ती घ्यावीत नाहीतर नावे लिहावं. माल उधारीवर आणलेला आणि विकलाही उधारीवर, की काय होतं हे सियागंजच्या घाऊक बाजारात कुणालाही विचारा. दोन डावांत मुलांनाही कळतं.

मोठी चूक नाण्यांची. बेरी-लिंकनच्या दुकानाला 6 मार्च 1833 ला खाणावळीचा परवाना मिळाला, त्यात दर ठरवून दिले होते: रात्रीचा मुक्काम 12½ सेंट, अर्धा पिंट व्हिस्की 12½, रम 18¾, एक जेवण 25. संचात हे 13 आणि 19 केले आहेत. हिशेब सोपा होतो, पण अर्थ जातो. तिथल्या नव्या वस्त्यांत स्पॅनिश चांदीची नाणी चालत आणि 12½ सेंट म्हणजे डॉलरचा आठवा भाग. आपल्या घरात हे समजावणं किती सोपं! डॉलरला रुपया धरा: 12½ म्हणजे दोन आणे, चवली, 18¾ म्हणजे तीन आणे, 25 म्हणजे पावली. आजीला आकडे दाखवले तर ती लगेच सांगेल. जाड कागदावर एक, दोन आणि चार आण्यांच्या गोल चकत्या कापा आणि संचातली नाणी बाजूला ठेवा.

दुकानाचा पुठ्ठाही दुरुस्त करावा लागेल. चित्रात गोल ओंडक्यांच्या भिंती आहेत. बेरी-लिंकनचं दुसरं दुकान मात्र कापलेल्या फळ्यांचं होतं. पांढऱ्या कागदाच्या आडव्या पट्ट्या चिकटवल्या की झालं. मागची घडी सुटते, तिथे फेविकॉल लावून रात्रभर दाबून ठेवा.

शेवटची कार्डं घाईत केलेली वाटतात. जानेवारी 1835 मध्ये बेरी वारले आणि सुमारे 1,100 डॉलरचं कर्ज लिंकनच्या गळ्यात पडलं. ते याला गमतीने ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणत. जप्तीत त्यांचा घोडा आणि जमीन मोजणीची साधनं लिलावाला निघाली, ती त्यांचे मित्र जेम्स शॉर्ट यांनी विकत घेऊन त्यांना परत दिली. एवढ्या प्रसंगाला एकच कार्ड! ऑगस्ट 1834 मध्येच ते इलिनॉयच्या विधानसभेवर निवडून आले होते, आणि तिथून सलग चार वेळा निवडून येत गेले. ओळखीच्या शेतकऱ्याकडून, कोलमन स्मूटकडून, 200 डॉलर उसने घेऊन, अंगावर नवे कपडे करून, ते राजधानी व्हँडालियाला गेले. पुढे राजधानी स्प्रिंगफील्डला नेण्यात त्यांचा मोठा वाटा होता. संचात विधानसभेचं चित्रही नाही, म्हणून वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मुलांकडून हा भाग लिहून घ्या. पानं जाड आहेत, शाई फुटत नाही.