निवासी स्वावलंबन प्रशिक्षण : गावात वर्षभर वापरल्यावरचा अनुभव, आणि काठीच्या टोकाबद्दल

मागच्या आठवड्यात पांढऱ्या काठीचं टोक पार झिजून गेलं आणि ॲल्युमिनियमची नळी उघडी पडून सिमेंट रोडवर करकर घासायला लागली. दृष्टिबाधितांसाठीचं स्वावलंबन प्रशिक्षण जिथे राहून घेतलं त्या संस्थेत फोन लावला. टोक 40 रुपयांचं, कुरिअरचे 90, पैसे आधी पाठवा, माल आला की पाठवू. हे टोक पहिलंही नाही. पहिलं तर मागच्या पावसाळ्यातच गेलं होतं. त्या फोननंतर हे लिहायला घेतलं.

अशा प्रशिक्षणात काय काय शिकवतात ते बहुतेकांना ठाऊक असतं : काठीने चालणं, स्वयंपाक, पैसे ओळखणं, टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणाऱ्या सोयीवर मोबाइल, थोडी ब्रेल. ते पुन्हा सांगत नाही. मी आर्वी तालुक्यातली, कापूस-सोयाबीन-तुरीच्या घरातली. मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारात दिसेनासं झालं, मग दोन्ही बाजू गेल्या, आता मधला एवढासा तुकडा उरलाय. नजरेचा घेर 10 अंशांच्या आत आला की मधलं थोडं दिसत असलं तरी कायद्याने ते अंधत्वच धरतात, आणि माझं युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) तसंच आहे. मागच्या वर्षी पेरणीच्या आधी प्रशिक्षण संपवून घरी आले. शिकणं-राहणं फुकट होतं, मेसचे पैसे आपले. शेतकऱ्याच्या घरातून महिन्यामागून महिना मेसचे पैसे जातात तेव्हा ते वसूल झाले की नाही हे बघावंच लागतं.

स्वयंपाकाच्या तासाला मी सुरुवातीला नाराज होते. इतकी वर्षं भाकरी थापलेल्या बाईला पेल्यात पाणी ओतायला काय शिकवता, असं वाटायचं. आज विचाराल तर सगळ्यात जास्त वसूल झालं ते तिथेच. गॅस पेटवायच्या आधी गंज (पातेलं) बर्नरवर ठेवून हाताने चारही बाजूंनी चाचपायचा, मधोमध बसला की मगच लायटर. तेल बरणीतून ओतायचं नाही, दांडा काटकोनात वाकवलेली पळी वरून बुडवून तेवढंच काढायचं. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन. गरम चहात बोट घालता येत नाही, पण कप भरत आला की ओतण्याचा आवाज बारीक होत जातो, त्यावर थांबायचं. हे आधीही कानावर पडत असेल, पण त्याकडे लक्ष द्यायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. चुलीवरचं मात्र काहीच शिकवलं नाही. आमच्याकडे अंघोळीचं पाणी आणि थंडीतल्या भाकरी अजून चुलीवरच होतात, ते काम मी सोडून दिलंय.

संस्थेने घरच्यांना एक दिवस बोलावलं होतं. यांना जमलं नाही, सासूबाई आल्या. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून चहा गाळायला लावला. अर्धा चहा बशीत गेला. त्याआधी घरी माझा हात डब्याकडे गेला की त्यांचं ठरलेलं असायचं, "तू कायले उठतं व, पोळन हात, मी करतो ना." त्या दिवसानंतर त्यांनी हळदीचा डबा कधी जागचा हलवला नाही. कुणी पाहुणी बाई येऊन वस्तू इकडची तिकडे करू लागली तर त्याच तिला थांबवतात. माझ्या मते अख्ख्या प्रशिक्षणातला सगळ्यात मोलाचा दिवस तो, आणि तो एकच दिवस ठेवलाय याचं वाईट वाटतं.

आता काठी.

शिकवलं नीट, त्यात खोट काढणार नाही. काठी छातीच्या हाडापर्यंत उंच हवी. डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे, उजवा पाय पुढे तेव्हा डावीकडे, खांद्यांपेक्षा थोडा रुंद अर्धगोल. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूव्हर यांनी ही पद्धत बसवली आणि आजही मुळात तीच शिकवतात, असं सरांनी सांगितलं. पण आमचा सराव झाला कुठे? संस्थेच्या व्हरांड्यात, नागपूरच्या फूटपाथवर, दवाखान्याच्या फरशीवर. तिथे टोक सरसर फिरतं. मला जायचं असतं घरापासून शेतापर्यंत, पांदणीने, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेने.

पांदण पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको. पावसाळ्यात भारी काळी माती टोकाला असा गोळा धरते की चार पावलांत काठीच्या बुडाला लाडवाएवढा चिखल. मला फिरतं टोक दिलं होतं, फरशीवर ते फार छान. चिखल आत गेला की ते फिरायचं थांबतं, आणि न फिरणारं जड टोक ओढत नेणं म्हणजे मनगटाची वाट लागते. मग मी साधं, पेन्सिलीसारखं सरळ टोक बसवलं. पाऊस संपेपर्यंत त्याने बरं काम दिलं. पण तीच माती उन्हात फाकते. एप्रिलमध्ये पांदणीतल्या भेगांत हात जाईल एवढी जागा होते. सरळ टोक त्या भेगेत रुततं, तुम्ही चालीत असता, आणि काठीची मूठ सरळ पोटात बसते. म्हणजे पावसाळ्यात एक टोक निकामी, उन्हाळ्यात दुसरं. इतक्या महिन्यांच्या शिकवणीत मातीचा विषय एकदाही निघाला नाही. विदर्भातल्या खेड्यांतून माणसं येतात आणि त्यांना माती वगळून चालणं शिकवलं जातं, याचा मला फार राग आहे आणि तो जात नाही.

दुसरी अडचण उंचीची. काठी जमिनीवरचं सांगते. उभ्या बंडीची (बैलगाडीची) दांडी, ट्रॉलीची उघडी फळी, रस्त्यावर आलेली बाभळीची फांदी या सगळ्यांच्या खालून काठी निघून जाते आणि आपण धडकतो. गावात शिरताना डावा हात कोपरात वाकवून छातीसमोर आडवा धरायचा, हे शिकवलं होतं पण घरात चालण्यासाठी म्हणून. मी ते रस्त्यावर वापरते, लोक बघतात तर बघू देत. स्वाती नक्षत्रात, तूर उंच झाली की, पांदणीच्या कडेने फांद्या आत येतात, तेव्हा तर ते लागतंच.

टोकाचा तोडगा शेवटी शेतातच निघाला. यांनी ठिबकची 16 एमएमची जुनी नळी बोटभर कापली, गरम पाण्यात मऊ केली आणि काठीच्या बुडावर चढवली. खालचं तोंड ठिबकच्याच एंड कॅपने बंद केलं. घट्ट बसली. बूड गोल आणि थोडं जाड असल्याने भेगेत पूर्वीइतकं रुतत नाही, चिखल धरला तरी दगडावर आपटलं की सुटतो. आवाज मात्र बसका येतो, त्यामुळे सिमेंट आणि माती यांतला फरक कानाला कमी कळतो. झिजेल तेव्हा दुसरी नळी. शेतात भंगार पडलेलंच असतं, खर्च शून्य. काठीची ॲल्युमिनियमची नळीच दबली असेल तर मात्र हे करू नका, आधी काठी सरळ करून घ्या, नाहीतर काठीची घडी अडकते.

पैशांचा भाग उत्तम. खेळण्यातल्या नोटा दिल्या नाहीत, खऱ्या दिल्या. हे महत्त्वाचं आहे, कारण 100, 200 आणि 500 च्या नव्या नोटांची रुंदी एकच, 66 मिलिमीटर. लांबी 142, 146 आणि 150. चार-चार मिलिमीटरांवर सगळा खेळ. 100 वर उठावाचा त्रिकोण, 200 वर एच, 500 वर गोल आहे, कडेला तिरप्या रेषाही आहेत, पण आठवडी बाजारात भाजीच्या ओल्या हातातून फिरलेल्या नोटेवर ते काही बोटाला लागत नाही. म्हणून पुठ्ठ्याचं माप बनवायला शिकवलं, त्यावर तीन खाचा. ते माझ्या बटव्यात कायम असतं. रिझर्व्ह बँकेचं 2020 मध्ये आलेलं, नोट ओळखून सांगणारं मणी ॲप मोबाइलवर आहे, पण बाजारात एका हातात पिशवी, दुसऱ्यात काठी असताना मोबाइल काढायला तिसरा हात कुठून आणू? पुठ्ठा बरा.

एस्टीचं थोडक्यात. बाई म्हणून मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहेच, पण दिव्यांग कार्डावर साध्या गाडीत 75 टक्के सवलत मिळते, म्हणजे पाव तिकीट. चढल्याबरोबर कार्ड हातात धरायचं, नाहीतर अर्ध्याचंच फाडून होतं. वर्ध्याला मी आता एकटी जाऊन येते.

आमच्या भागात अपंगांनी कष्टाने जगावं हे नवीन नाही. वरोऱ्याचं आनंदवन बाबा आमट्यांनी 1949 पासून उभं केलं आणि तिथे माणसं मानाने राहतात. पण मला माझं घर, माझी पोरं, माझं वावर सोडायचं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं पाचवं कलमही समाजात राहण्याचा हक्क सांगतं. मग प्रशिक्षणाने निदान दोन दिवस माझ्या अंगणात यायला हवं. सरांनी एकदा माझी पांदण चालून बघितली असती तर पहिलं टोक वेगळं दिलं असतं, चुलीचा विषय निघाला असता, बंडीच्या दांडीचा निघाला असता.

त्यासाठी पैसा नाही, हे उत्तर मला पटत नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आमच्याकडे तो दरवर्षी सगळ्यांना सारखा वाटून टाकतात, हातात थोडेसे रुपये येतात आणि किराण्यात जातात. 1 मे च्या ग्रामसभेत मी लेखी अर्ज दिला : या निधीतून एका प्रशिक्षकाचा येण्याजाण्याचा आणि दोन दिवस राहण्याचा खर्च करावा, गावातल्या आम्हा तिघा दृष्टिबाधितांच्या घरी आणि शेताच्या वाटेवर शिकवणी व्हावी. सरपंचांनी "बघतो ताई" म्हटलं. मी अर्जाची पोचपावती घेतली आहे आणि पुढच्या मासिक सभेआधी पुन्हा जाणार आहे.

तुम्ही जाणार असाल तर जा, मेसचे पैसे वसूल होतात. घरातली स्वयंपाकघर सांभाळणारी बाई त्या एका दिवशी नक्की न्या. निघताना दोन्ही प्रकारची टोकं जास्तीची मागून घ्या, तिथे असताना ती सहज मिळतात. आणि वरच्या अर्जाचा मजकूर हवा असेल तर सांगा, गावाचं नाव बदलून तसाच देता येईल.