डायरीतली कशफ आणि पडद्यावरची कशफ

उमेरा अहमद यांची 'ज़िंदगी गुलज़ार है' ही उर्दू कादंबरी नायिका कशफ आणि नायक ज़ारून यांच्या डायऱ्यांमधून आळीपाळीने उलगडते. त्यामुळे मुलगा हवा म्हणून दुसरे लग्न करणाऱ्या बापाविषयीचा कशफचा कडवटपणा वाचकाला थेट तिच्याच शब्दांत भेटतो, आणि देवाशी ती घालत असलेला वादही मध्यस्थाविना ऐकू येतो. सुलताना सिद्दीकी यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि 2012-13 मध्ये हम टीव्ही या पाकिस्तानी वाहिनीवर दाखवलेल्या याच नावाच्या मालिकेची पटकथाही लेखिकेचीच आहे; तिथे डायरी पार्श्वनिवेदनापुरती उरते, मात्र कशफ साकारणाऱ्या सनम सईदचा ताठ, हसू आवरलेला चेहरा बरेचसे न बोलता सांगून जातो.

मालिकेची खरी कमाई मला कशफच्या आईमध्ये, राफियामध्ये दिसते. डायरीत ती मुलीच्या नजरेतूनच दिसते. पडद्यावर समीना पीरज़ादा तिला स्वतंत्र वजन देतात. ज़ारूनचा पुरुषी अहंकार मात्र फवाद खानच्या देखणेपणामुळे फारच सहज माफ होतो, तर कादंबरीत तो बोचत राहतो.

2014 मध्ये ज़िंदगी वाहिनीने ही मालिका भारतात आणली. उर्दू लिपी न येणाऱ्या मराठी प्रेक्षकाने मालिकेपासूनच सुरुवात करावी. लिपी येत असेल, तर आधी कादंबरीच वाचावी.