पोस्टातील आवर्ती ठेव : कर्ज फेडणाऱ्या घरासाठी कितपत उपयोगाची?

पोस्टाची पाच वर्षांची आवर्ती ठेव, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायची ठेव (आरडी), ही कर्ज लवकर फेडण्याची योजना नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. जुने कर्ज फिटत असताना नवे कर्ज डोक्यावर चढू नये, एवढ्यासाठी ती उपयोगी पडते, आणि त्या मर्यादेत मला ती फार मोलाची वाटते. देवगड तालुक्यातील आमच्या घरी घरदुरुस्तीसाठी पतसंस्थेतून काढलेले 13 टक्क्यांचे कर्ज आणि ही ठेव अशी दोन्ही एकाच वेळी चालू आहेत. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

आधी हिशेब पाहू. या ठेवीचा व्याजदर 1 ऑक्टोबर 2023 रोजी 6.5 वरून 6.7 टक्के झाला. खाते उघडताना जो दर असेल तो पाचही वर्षे कायम राहतो आणि व्याजाची आकारणी तिमाही चक्रवाढीने होते. दरमहा 1,000 रुपये भरल्यास 60,000 रुपयांचे पाच वर्षांनी सुमारे 71,366 रुपये होतात. रक्कम ऐकायला बरी वाटते. परंतु तेच 1,000 रुपये 13 टक्क्यांच्या कर्जाच्या मुद्दलात घातले, तर वर्षाला 130 रुपयांचे व्याज वाचते, आणि ठेवीत मात्र साधारण 67 ते 69 रुपयेच मिळतात. म्हणून जादा हाताशी येणारा मोठा पैसा आम्ही मुद्दलातच भरतो. मुदतीआधी रक्कम भरल्यास काही आकार लागतो का, आणि भरलेली रक्कम पुढच्या हप्त्यांपोटी न धरता मुद्दलातून वजा होते का, हे मात्र कर्ज देणाऱ्या संस्थेकडून लेखी घ्यावे.

असे असूनही ठेव का ठेवावी, याचे कारण कोकणातल्या मिळकतीच्या आणि खर्चाच्या वेळापत्रकात आहे. आंब्याचा पैसा मार्च ते मे या काळात येतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असल्यामुळे खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बायकांचे उत्पन्न बसते. खर्च मात्र नेमका याच सुमारास एकावर एक येतो: कौले शाकारणे, पावसाळ्याची बेगमी, मुलांची वह्यापुस्तके आणि पाठोपाठ चतुर्थी. मुंबईहून चाकरमानी यायचे म्हटल्यावर खर्चाला हात आखडता घेता येत नाही. त्या दोन-तीन महिन्यांत दागिने गहाण पडतात किंवा हातउसने होते, आणि वर्षभर इमानाने भरलेल्या हप्त्यांचे चीज होत नाही. हे चक्र मोडण्यासाठी स्वतःची थोडी गंगाजळी लागतेच.

या दृष्टीने योजनेतील एक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. हप्ते आगाऊ भरता येतात. सहा हप्ते एकदम भरल्यास प्रत्येक 100 रुपयांच्या हप्त्यामागे 10 रुपये आणि बारा हप्ते एकदम भरल्यास 40 रुपये सूट मिळते; म्हणजे 1,000 रुपयांच्या खात्यावर अनुक्रमे 100 आणि 400 रुपये. सूट मोठी नाही. पण मे महिन्यात आंब्याचे पैसे हातात असताना जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते भरून टाकले, की पावसात त्यांची चिंता उरत नाही. हप्ता चुकल्यास 100 रुपयांमागे महिन्याला 1 रुपया जादा द्यावा लागतो आणि चार हप्ते थकले की खाते खंडित होते. त्यानंतर ते सुरू करण्यासाठी दोनच महिन्यांची मुदत मिळते. ज्यांची मिळकत हंगामी आहे त्यांना हा नियम जाचक ठरू शकतो, आणि आगाऊ भरणा हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

दुसरी सोय कर्जाची. बारा हप्ते भरून खात्याला वर्ष पूर्ण झाले, की शिलकीच्या निम्म्या रकमेपर्यंत कर्ज मिळते आणि त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा 2 टक्क्यांनी अधिक, म्हणजे 6.7 टक्क्यांच्या खात्यावर 8.7 टक्के असतो. 1,000 रुपयांच्या खात्यावर पहिल्या वर्षानंतर ही रक्कम सहा हजारांच्या आसपासच असते, हे खरे. तरी शाळेची फी किंवा औषधपाणी भागवायला तेवढी पुरते आणि दागिना घरातच राहतो.

योजनेचा खरा दोष तिच्या मुदतीत आहे. तीन वर्षांआधी खाते बंद करता येत नाही, आणि त्यानंतर पाच वर्षांआधी बंद केले तर बचत खात्याचाच दर, म्हणजे 4 टक्के मिळतो. त्यामुळे दरवर्षीच्या चतुर्थीच्या खर्चासाठी ही ठेव योग्य नाही. त्यासाठी बँकेतील बारा महिन्यांची आवर्ती ठेव अधिक सोयीची. पोस्टात एकच मोठे खाते न काढता लहान लहान खाती काढावीत, असे मी सुचवेन. किमान हप्ता 100 रुपयांचा आहे, पुढे 10 रुपयांच्या पटीत वाढवता येतो आणि खात्यांच्या संख्येवर बंधन नाही. अडचण आलीच, तर एखादेच खाते मोडावे लागते.

पतसंस्थेच्या पिग्मीशी, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम भरायच्या ठेवीशी, तुलना केल्यावाचून हे परीक्षण पुरे होणार नाही. पिग्मीवाला रोज दारात येतो, ही सोय मोठी आहे. परंतु बँकांतील ठेवींना असलेले 5 लाखांपर्यंतचे विम्याचे संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना नाही, तर पोस्टातील ठेवीमागे केंद्र सरकारची हमी आहे. दारात येऊन हप्ता नेण्याची सोय पोस्टाकडेही आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट गावोगावी हप्ते गोळा करतात आणि त्यांचे कमिशन सरकार देते, ठेवीदाराने वेगळे काही द्यायचे नसते. पासबुकातील नोंद मात्र प्रत्येक वेळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

खाते उघडण्याची तारीखही विचार करून निवडावी. महिन्याच्या 15 तारखेपर्यंत उघडलेल्या खात्याचा हप्ता दरमहा 15 तारखेच्या आत भरावा लागतो आणि 16 तारखेपासून पुढे उघडलेल्या खात्याचा महिनाअखेरपर्यंत. आमच्याकडे कर्जाचा हप्ता महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जातो, म्हणून आम्ही खाते 16 तारखेनंतर उघडले.