जॅम मस्त, पण ट्यूनर सोबत न्या

मुलगी फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) शिकतेय म्हणून पाश्चात्त्य पारंपरिक संगीताच्या या जॅमला, म्हणजे एकत्र बसून वाजवण्याच्या बैठकीला, आतापर्यंत चारदा जाऊन आलोय. स्टेज वगैरे काही नाही, गोलात खुर्च्या, कुणीतरी धून सुरू करतं आणि बाकीचे जमेल तसे घुसतात. जिग आणि रील हे नाचाच्या धुनांचे प्रकार, जिग ६/८ तालात, रील ४/४ तालात, बहुतेक धुनांचे ८-८ बारचे (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) दोन भाग, प्रत्येक दोनदा, म्हणजे ३२ बार, आणि तेच तीनेक वेळा फिरतं त्यामुळे पहिल्या फेरीत काही कळलं नाही तरी तिसरीत बोटं आपोआप बसतात. पोरगी अडकली तेव्हा शेजारच्या बॅंजोवाल्या काकांनी वाजवणं न थांबवता नुसती मान हलवून कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलायची खूण केली, ते भारी होतं! दाराजवळच्या डब्यातले पैसे मुलांच्या फीला आणि उसन्या वाद्यांना जातात, सक्ती नाही.

तक्रार एकच, शेवटच्या तासात मोठी मंडळी इतकी सुसाट सुटतात की नवी पोरं वाद्य मांडीवर ठेवून नुसती बघत बसतात. एखादा राउंड मुद्दाम संथ ठेवा ना राव. आणि क्लिपवाला ट्यूनर (वाद्याला अडकवायचं, तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र) न्याच, त्या गोंगाटात कानाने तार लावणं अशक्य आहे.