आयआरएसचा दंड माफ करून घ्यायचाय: ‘फर्स्ट टाइम अबेट’ की ‘रीझनेबल कॉज’?

अमेरिकेत टॅक्स रिटर्न उशिरा भरलं की आयआरएसची, म्हणजे तिथल्या केंद्रीय कर खात्याची, नोटीस घरी येते. दंड माफ करून घ्यायचे नेहमीचे रस्ते दोन. फर्स्ट टाइम अबेट म्हणजे आजवर वेळेवर भरत आलात म्हणून एकदा सूट. रीझनेबल कॉज म्हणजे उशिराला सबळ कारण होतं हे पटवून देणं. माझं मत आधीच सांगतो: पहिला रस्ता खुला असेल तर दुसऱ्याच्या नादी लागू नका.

रक्कम किरकोळ नसते. समजा 8,000 डॉलर कर देणं होतं आणि 15 एप्रिलऐवजी 10 जुलैला रिटर्न आणि पैसे दोन्ही गेले. उशिरा रिटर्न आणि उशिरा भरणा मिळून महिन्याला 5 टक्के, अपुरा महिनाही पूर्ण धरतात, म्हणजे 1,200 डॉलर. व्याज वेगळं.

फर्स्ट टाइम अबेटला कारण लागत नाही. आधीच्या तीन वर्षांची रिटर्नं भरलेली हवीत आणि त्या वर्षांत दंड नको (एस्टिमेटेड टॅक्स, म्हणजे वर्षभरात हप्त्यांनी आगाऊ भरायचा कर, कमी भरल्याचा दंड यात धरत नाहीत). नोटिशीवरच्या नंबरला फोन करून मागता येतं. कर बाकी असताना मागितलं तरी चालतं, पण उशिरा भरण्याचा दंड बाकी फिटेपर्यंत वाढतच जातो. म्हणून आधी पैसे भरा, मग फोन.

रीझनेबल कॉजमध्ये सगळा खेळ तारखांचा. वडील नाशिकला आयसीयूत होते म्हणून उशीर झाला, एवढं लिहून भागत नाही. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, विमानाची तिकिटं आणि परत आल्यावर किती दिवसांत रिटर्न भरलं, हे जुळायला हवं. त्याच आठवड्यांत तुम्ही ऑफिसचं काम रेटत होतात असं दिसलं तर कारण लंगडं पडतं. हातात पैसे नव्हते, एवढं एकच कारण पुरत नाही. ‘सीपीएने (तिथल्या सीएने) वेळेत भरलं नाही’ हेही चालत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये बॉइल खटल्यात ते निकालात काढलं.

काही जण म्हणतात, यंदा कारण सांगू, सूट पुढच्या वेळेला राखून ठेवू. हिशेब हुशारीचा, पण तो सहसा जमत नाही. तुम्ही कारण लिहिलं तरी पात्र असाल तर आयआरएस आधी फर्स्ट टाइम अबेटच लावतं. लागोपाठ दोन वर्षं दंड असेल तर सूट आधीच्या वर्षाला जाते. नंतरच्या वर्षासाठी कारणंच मांडावी लागतात.

आपल्या लोकांनी खरं सांभाळायचं ते वेगळ्याच ठिकाणी. भारतात राहणाऱ्या आईवडिलांनी पुण्याचा फ्लॅट विकून वर्षभरात 1,00,000 डॉलरच्या वर भेट पाठवली, तर अमेरिकेतल्या मुलाला ती भेट कळवणारा फॉर्म 3520 भरावा लागतो. भेटीवर मुलाला कर नाही, पण फॉर्म राहिला तर महिन्याला भेटीच्या 5 टक्के, 25 टक्क्यांपर्यंत दंड. इथे फर्स्ट टाइम अबेटवर विसंबू नका, कारण पटवावं लागतं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये आयआरएसने जाहीर केलं की अशा उशिरा आलेल्या फॉर्मवर आपोआप दंड न लावता उशिराचं कारण सांगणारं सोबतचं निवेदन आधी वाचलं जाईल. त्यामुळे ते निवेदन नोटीस यायची वाट न बघता फॉर्मलाच जोडा.