काम सुटले, लाईट बिल थकले: हप्ते पाडून घ्यावेत, सोने ठेवावे की अभय योजनेची वाट बघावी?

माझा मावसभाऊ जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात अकरा वर्षे होता. फेब्रुवारीअखेर माणसे कमी केली, त्यात त्याचा नंबर लागला. एप्रिल संपता संपता तो माझ्याकडे आला तेव्हा शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेले लाईट बिल होते. थकबाकी 9,600 रुपये. "आते काय करू, भाऊ?" म्हणाला आणि बिल माझ्यापुढे सरकवले. वहिनी सोन्याची पोत मोडायला निघाली होती. शेजारी सांगत होते, भरू नका, अभय योजना येईल, व्याज माफ होईल. तिसरी वाट म्हणजे वीज कंपनीकडे हप्ते मागणे. या तिन्ही वाटा आम्ही दोन दिवस बसून तोलल्या. खान्देशात आज अनेक घरांत हाच प्रश्न आहे, म्हणून तो हिशेब इथे मांडतो.

आधी हातात किती पैसे येणार ते बघा. बेरोजगारी भत्ता म्हणून मोबाईलवर फिरणाऱ्या लिंकांच्या नादी लागू नका. पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर खरा आधार तिथे आहे, आणि तिथे दोन योजना आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत रोजच्या सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळते, तीही आयुष्यात एकदाच. काम सुटून 30 दिवस झाले की अर्ज करता येतो. किमान दोन वर्षे विमा असावा लागतो, शेवटच्या अंशदान काळात (म्हणजे विम्याचे पैसे कापण्याच्या सहामाहीत) 78 दिवसांचे अंशदान लागते आणि त्याआधीच्या तीनपैकी एका काळातही तेवढेच. ही योजना मुदतीची आहे, मुदत वाढवत नेतात, म्हणून शाखा कार्यालयात आधी विचारून घ्या. दुसरी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद पडला किंवा कायद्याप्रमाणे कामगार कपात झाली तर तिच्यात पहिले 12 महिने वेतनाच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के मिळतात. फरक किती मोठा आहे बघा: एक तीन महिन्यांची, दुसरी दोन वर्षांची. म्हणून जाताना मालक कोणत्या कागदावर सही घेतो ते वाचल्याशिवाय सही करू नका. कपात झाली असताना स्वेच्छानिवृत्ती लिहून दिली तर दोन्ही दारे बंद होऊ शकतात. भावाच्या हातात कपातीचा कागदच नव्हता, म्हणून त्याला पहिलीच योजना उरली. पगार 14,000, म्हणजे महिन्याला साधारण 7,000 आणि तीन महिन्यांचे मिळून 21,000.

आता थकबाकी. बिलाची तारीख चुकली की 1.25 टक्के विलंब आकार लागतो आणि पुढे थकबाकीवर व्याज चढते. व्याज वर्षाला 15 टक्के धरले तरी 9,600 रुपयांवर महिन्याला 120 रुपये होतात. हेच पैसे गल्लीतल्या माणसाकडून शेकडा पाचने उचलले तर महिन्याला 480. बचत गटातून शेकडा दोनने घेतले तरी 192. स्वस्त देणे फेडायला महाग देणे उचलायचे, हा हिशेब कुठेच बसत नाही. तरी लोक तेच करतात, कारण खांबावर चढलेल्या वायरमनची भीती मोठी असते. ती भीती मी समजू शकतो. जळगाव-भुसावळचा मे महिना, पारा 45 च्या वर, घरात लहान मूल आणि कूलर बंद, हा काही सोसण्यासारखा प्रकार नाही.

सोनेतारण कर्ज त्यामानाने स्वस्त आहे. बँकेत किंवा चांगल्या पतसंस्थेत व्याज वीज कंपनीच्या व्याजाच्या आसपास किंवा थोडे कमी येते. म्हणजे ते घेऊन फार काही वाचतही नाही, उलट पोत अडकते. नवे काम ठरलेले असेल, रुजू व्हायची तारीख हातात असेल, तर दोन-तीन महिन्यांसाठी सोने ठेवण्यात वावगे काही नाही. भावाला तशी तारीख नव्हती. सोडवायचे पैसे कुठून येणार हे माहीत नसताना ठेवलेले सोने पुष्कळदा लिलावात जाते. पोत मोडणे तर मी साफ नाकारले.

अभय योजनेबद्दल मात्र मला तळमळीने सांगायचे आहे. 2024 साली 1 सप्टेंबरपासून महावितरणची जी अभय योजना आली, ती 31 मार्च 2024 पर्यंत ज्यांची वीज कायमची तोडली होती त्यांच्यासाठी होती. व्याज आणि विलंब आकार माफ, मूळ थकबाकी भरायचीच; 30 टक्के आधी आणि उरलेली सहा हप्त्यांत, असाही पर्याय होता. म्हणजे त्या सवलतीत बसायला आधी कनेक्शन गमवावे लागले होते. पुढची योजना कधी येईल, येईल की नाही, यावर घर अंधारात ठेवायचे? शिवाय कंपनीकडे आपली सुरक्षा ठेव असते, कनेक्शन कायमचे गेले की ती थकबाकीत वळती होते आणि नव्या जोडणीला पुन्हा भरावी लागते. ज्यांची वीज आधीच कायमची तुटली आहे त्यांनी अशी योजना जरूर धरावी. ज्यांचे मीटर अजून फिरते आहे त्यांनी तिची वाट बघू नये.

राहिले हप्ते. यासाठी उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज करायचा, सोबत काम सुटल्याचा कागद आणि ईएसआयच्या अर्जाची पोच. हप्ते देणे साहेबांच्या हातात असते, तो आपला हक्क नाही, म्हणून नोटीस येण्याआधी गेलेले बरे. वीज तोडण्याआधी पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे विद्युत कायदा 2003 चे कलम 56 सांगते. बिलच चुकीचे वाटत असेल, मीटर चालू असून सरासरी लावली असेल, तर त्याच कलमाखाली मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी किंवा मागणीइतकी, जी कमी असेल ती रक्कम निषेध नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही.

सगळे हप्ते एकसारख्या रकमेचे मागू नका, ही आमची खरी शिकवण. भत्ता तीन महिन्यांचा आणि हप्ते सहा, तर शेवटचे तीन कशातून भरणार? भावाने ईएसआयचा अर्ज उशिरा केल्यामुळे मागच्या दिवसांचे पैसे एकत्र येणार होते. म्हणून आम्ही पहिला हप्ता 3,600 चा आणि पुढचे पाच 1,200 चे मागितले. पुढचे 1,200 वहिनीच्या लाडकी बहीणच्या 1,500 मधून निघतात. हप्त्याबरोबर चालू बिलही दर महिन्याला भरावे लागते, ते चुकले की सवलत जाते. त्यामुळे वापर उतरवावाच लागला. घरगुती दराचे टप्पे 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात. साधारण 200 वॅटचा कूलर दहा तास चालला की दोन युनिट, महिन्याचे 60. तो बंद करायचा नाही. पण दुसऱ्या खोलीतला जुना पंखा आणि दिवसभर चालू राहणारा टीव्ही बंद झाला, रात्री सगळे एकाच खोलीत झोपू लागले.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का मारून घ्या आणि ती प्रत मीटरच्या पेटीजवळच अडकवा. वायरमन आला तेव्हा घरात वहिनी एकटीच होती, तिने तोच कागद त्याच्या हातात दिला.